कसानी गोयी?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, आमरसाचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेलं, आणि आत चुलीपाशी समोरच्या जिजी बिबड्या तळायला बसलेल्या. आमच्याकडे सणाचं तळण जिजींकडेच असतं, मी परकर नेसायचे तेव्हापासून. त्यांनी पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि दोन बिबड्यांच्या मध्ये अडकलेली गोळ्यांची स्ट्रिप बाहेर आली. मेडिकलवाल्याने कात्रीने अर्धी कापून दिलेली, त्यामुळे नावही अर्धंच. जिजींनी ती उजेडाकडे धरली, उलटसुलट केली आणि मला विचारलं, "तुनी माय कसानी गोयी खास वं?"

"ॲसिडिटीची," मी म्हणाले.

माय मोरीपाशी कैऱ्या धूत होती. तांब्यातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला, पण तिने वळून पाहिलं नाही. जिजींनी स्ट्रिप फळीवर ठेवली, कढईत पुढची बिबडी सोडली, आणि बोलणं गल्लीतल्या कुणाचा भाऊ या वर्षी बहिणीला घ्यायला गेलाच नाही याच्याकडे वळलं. मीही बोलले. हसलेसुद्धा. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलंय, पण तो एक शब्द माझ्या मनातून जात नाही. खोटं बोलल्याचं मला एवढं वाटत नाही. ते किती तयार होतं याचं वाटतं. कुणी विचारेल म्हणून मी तो शब्द कधी शोधून ठेवला होता, मला आठवतही नाही.

आबा, माझे वडील, भाद्रपदात गेले. त्यानंतर कापूस फुटला, वेचणीला आला, आणि दर वर्षी मजुरांच्या आधी शेतात पोचणारी माय ओट्यावर बसून राहिली. रडत नव्हती. रडली असती तर आम्हाला कळलं असतं काय करायचं, बायका येऊन बसल्या असत्या, तिला बोलतं केलं असतं. ती नुसती बसायची. पदराचं एकच टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. भाकरीच्या पिठात दोन दिवस लागोपाठ मीठ नव्हतं, तिसऱ्या दिवशी चूलच पेटली नाही. भाऊ सांगायचा, रात्री तीनला उठून ती बैलांच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन उभी राहते. बैल आबांच्या आजारपणातच विकले होते. मी नाशिकहून फोन करायचे, "माय, काय होतंय तुला?" ती एकच वाक्य बोलायची. "मना जीव लागस नही."

जीव लागत नाही. डॉक्टरांनी पुढे कागदावर लिहिलेला शब्द वेगळा होता, पण मायचा शब्द मला अजूनही जास्त नेमका वाटतो. पोट दुखतं, डोकं दुखतं, यात दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवता येतं. जीव लागत नाही म्हणणाऱ्या माणसाने बोट कुठे ठेवायचं? म्हणून आम्ही सगळीकडे बोटं ठेवून पाहिली. अमळनेरला सोनोग्राफी केली, थायरॉइड तपासलं, शुगर तपासली, ब्लडप्रेशरची गोळी तर आधीपासून चालूच होती. मावशीने तीनदा नजर उतरवली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिची खात्री पटली की कुणाची तरी जबर नजर लागलीय. शेवटी माघात मी रजा काढली आणि मायला पॅसेंजरने जळगावला नेलं. धरणगाव गेलं, पाळधी गेलं, माय खिडकीबाहेर बघत होती. हरभऱ्याची शेतं सोंगायला आलेली. एरवी तिने शेतागणिक उतारा सांगितला असता. त्या दिवशी एका शेताबद्दलही बोलली नाही. दवाखान्याच्या पाटीवर 'मानसोपचार' असं ठळक लिहिलेलं होतं. माय चौथी शिकलेली, वाचता येतं तिला. तिने पाटी वाचली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्या मागे मागे आत आली. बाहेर पडल्यावर पहिलं वाक्य, "कोनले सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्यातूनच तो शब्द तयार झाला असावा.

गोळीचं नाव सर्ट्रालिन, नैराश्यावरची. सुरुवातीला पंचवीस मिलिग्रॅम, आठवड्याने पन्नास. डॉक्टरबाईंनी मायला समजावून सांगितलं की हिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवेल, तेव्हा घाबरून सोडायची नाही. मला बाजूला घेऊन दोन गोष्टी आणखी सांगितल्या. सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायच्या नाहीत, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि वय साठीच्या पुढे आहे, रक्तातलं सोडियम कधीकधी कमी होतं, तर दोन आठवड्यांनी तपासून घ्या, पुढेही माणूस गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच कळवा. आम्ही तपासलं. एकशे सदतीस आलं. एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस चालतं, म्हणजे उत्तम. रिपोर्ट मी फाइलला लावला आणि सोडियम हा शब्द डोक्यातून काढून टाकला.

पहिले दहा दिवस वाईट गेले. सकाळी चहाच्या वासाने तिला मळमळायचं, दिवसातून चार-चार वेळा पोट बिघडायचं. तोंडाला कोरड, रात्री मानेला घाम. कपात चहा ओतताना हात असा थरथरायचा की बशीत अर्धा. भाऊ चिडला, म्हणाला, हे औषध आहे की आजार? मग मी खोक्यातला तो कागद घेऊन बसले. दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात छापलेला, उघडला की वर्तमानपत्राच्या पानाएवढा होणारा पातळ कागद, जो आपण खोक्याबरोबर फेकून देतो. मी जीवशास्त्र शिकवते, सातवी-आठवीला. तरी मला तो वाचायला तीन रात्री लागल्या. ही गोळी ज्याच्यावर काम करते त्या सेरोटोनिनचं, म्हणजे नसांमधून निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, नाव मी मेंदूशीच जोडून ठेवलं होतं. वाचत गेले तेव्हा कळलं की शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यांत असतं. गोळी मेंदूसाठी घेतली तरी तिचा पहिला धक्का पोटाला बसतो, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो. मी भावाला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मायसाठी ताकात जिरं टाकून आणलं.

त्या कागदावर गोळी कशाकशासाठी मान्य आहे त्याची यादी होती. अमेरिकेत १९९१ साली ती नैराश्यासाठी मंजूर झाली, मग पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक आजार यादीत येत गेला. मंत्रचळ म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहणं, अचानक येणारे भीतीचे झटके, मोठ्या आघातानंतर मागे राहणारी दहशत, चार लोकांत उभं राहायची भीती, पाळीच्या आधीच्या दिवसांतली टोकाची घालमेल. लहान मुलांना मात्र फक्त मंत्रचळासाठी, सहा वर्षांच्या पुढे. मी यादी वाचत होते आणि डोळ्यांपुढे आमची गल्ली येत होती. नळाखाली कळशी सात वेळा विसळणारी, आठव्यांदा कुणाची सावली पडली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी आमच्या नात्यातली एक म्हातारी. तिच्या सोवळ्याचं सगळे कौतुक करायचे, तिची बोटं मात्र हिवाळ्यात फुटून रक्ताळायची. धुळ्याच्या रस्त्यावर रात्री अपघात पाहिल्यापासून ट्रकवर कधीच न चढलेला, आता पानटपरीवर बसणारा एक ड्रायव्हर. लग्नात पंगतीला बसायची वेळ आली की पोटात कळ येते म्हणून घरी निघून जाणारी चुलत वहिनी. महिन्यातले चार दिवस सगळ्या घराने 'खेकसती' म्हणून बाजूला ठेवलेली तिची मुलगी. यातल्या कुणाला खरोखर कोणता आजार होता हे सांगायचा मला काहीच अधिकार नाही, त्यासाठी डॉक्टर लागतो. पण त्यातल्या कुणालाही कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि पुण्याहून स्पर्धापरीक्षा सोडून परत आलेला, जिजींचा नातू. त्याच्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, दोनदा रात्री गाडी करून तालुक्याला नेलं. ईसीजी चांगला. त्याच्यासाठी कागदावर काळ्या चौकटीत एक सूचना होती. चोवीस वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये अशा गोळ्यांनी सुरुवातीच्या काळात, किंवा मात्रा बदलताना, जीव देण्याचे विचार वाढू शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवावं. ही चौकट २००४ मध्ये आधी मुलांसाठी आली, २००७ मध्ये तिची मर्यादा चोवीस वर्षांपर्यंत वाढवली. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. भीती वाटली म्हणून गोळी टाळायची की घ्यायची आणि पोराजवळ कुणीतरी झोपायचं? डॉक्टर यातलं दुसरं सांगतात. पण पोराजवळ झोपायला घरात आधी माहीत तर हवं.

खानदेशात, आणि कापसाच्या सगळ्याच मुलखात, 'औषध' हा शब्द फार जड आहे. 'त्याने औषध घेतलं' म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, वाचला का? फवारणीच्या डब्याला आपण औषध म्हणतो आणि दवाखान्यातल्या बाटलीलाही. म्हणून दवाखान्याच्या औषधाला बायका 'गोयी' म्हणतात, 'डोस' म्हणतात. आमच्या शेताच्या शेजारच्या घरात दहा वर्षांपूर्वी एकाने औषध घेतलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षभर तो माणूस कसा होता हे मी नंतर काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, गप्प होता, जेवायचा नाही, जीव लागत नाही म्हणायचा. तोच शब्द. मायने तो फोनवर उच्चारला तेव्हा मी रजेचा अर्ज लिहायला एक दिवससुद्धा थांबले नाही, त्याचं हे कारण होतं, आणि ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

गोळीने गुण आला. हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणी तेवढंच लक्षात ठेवेल अशी भीती वाटते. पाचव्या आठवड्यात भावाचा फोन आला, आवाज बारीक करून बोलत होता, "माय लसूण सोलतेय." बस, एवढंच. मग एक दिवस तिने मला फोनवर विचारलं की नाशिकला तूर काय भाव. होळीला तिने सुनेची पुरणपोळी मोडून पाहिली आणि पुरण सैल झालंय म्हणाली. सून आत जाऊन रडली, आनंदाने, कारण सात महिन्यांत सासूने पहिल्यांदा कशात तरी खोट काढली होती. आणि आखाजीला, जिजींनी तो प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी, बायकांनी धरून बसवलं म्हणून माय झोक्यावर बसली. दोन्ही दोर घट्ट धरले, पाय जमिनीला लावून थोडा वेळ नुसतीच बसली, आणि मग गाणं म्हणायला लागली. आवाज घोगरा झाला होता, मधल्या ओळी विसरत होती, बायका जोडून देत होत्या. मी ओसरीतल्या अंधारात उभी होते. दुपारचं खोटं तेव्हा मला अगदी बरोबर वाटलं. असं वाटलं की ज्या गोळीने हे परत आणलं तिला गल्लीच्या तोंडी का द्यायचं?

मी परत नाशिकला आले, आणि तो शब्द मागे राहिला.

मायने तो उचलला. तिला तो फार सोयीचा वाटला असणार. सुनेने विचारलं तर ॲसिडिटीची, मावशीने विचारलं तर ॲसिडिटीची. आखाजीनंतर आठवड्याभरात ती ब्लडप्रेशर दाखवायला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली, जे आमच्या घरी पंचवीस वर्षं येतात-जातात. प्रेशर वाढलेलं होतं. त्यांनी विचारलं, आणखी काही गोळ्या चालू आहेत का? माय म्हणाली, "एक ॲसिडिटीची." त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि जुनी प्रेशरची गोळी बदलून दिली. म्हणजे गोळी तीच, तिच्या नावापुढे फक्त 'एच' हे एक अक्षर वाढलं. ते अक्षर हायड्रोक्लोरोथायझाइडचं असतं, आपण जिला पाणी काढणारी गोळी म्हणतो तिचं. लघवीवाटे पाण्याबरोबर ती मीठही, म्हणजे त्यातलं सोडियमही, बाहेर काढते. सर्ट्रालिन उलट्या बाजूने काम करतं, काही जणांत, विशेषतः वयस्कर बायकांत, ते शरीराला पाणी धरून ठेवायला लावतं. एकीने मीठ बाहेर, दुसरीने पाणी आत. वर वैशाखाचा घाम, जेवणात मीठ कमी, आणि ऊन फार म्हणून माय तास-तासाला माठातलं तांब्याभर पाणी पीत होती. सगळ्यांनी तिची काळजीच घेतली होती.

पंधरा दिवसांनी पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. माय सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती, दोनदा उलटी झाली. सगळ्यांनी एकच निदान केलं, तिनेही. "माले ऊन लागनं व्हई." त्या दिवसांत खानदेशात कुणीही हेच म्हटलं असतं. तळपायाला कांदा चोळला, पन्हं दिलं, आणखी पाणी पाजलं. दुपारी ती सुनेला म्हणाली, बैलांना पाणी दाखव. सून म्हणाली, माय, बैल कुठे आहेत? माय रागावली. उठून दाराशी गेली, उंबरा दिसला नसल्यासारखी अडखळली आणि तिथेच बसली. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटून येत होते. भावाने गाडी काढली.

दवाखान्यातून त्याने मला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. शाळेच्या निकालपत्रकांवर सह्या करायचं काम चालू होतं माझं. मागे कूलरचा आवाज, कुणीतरी स्ट्रेचर सरकवतंय, आणि एका तरुण डॉक्टरचा थकलेला आवाज, "सोडियम एकशे एकोणीस आहे. यांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" भाऊ म्हणाला, "प्रेशरची आहे. आणि एक ॲसिडिटीची." त्याला माहीत होतं. जळगावहून गोळ्या तोच आणायचा. तरीही त्याच्या तोंडून तेच आलं, कारण आजूबाजूला गावातली चार माणसं उभी होती आणि घरात ठरलेला शब्द तो होता. मी फोनवर ओरडले. सर्ट्रालिन, पन्नास मिलिग्रॅम, माघापासून, मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडची. स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. तिकडे दवाखान्यात काही क्षण नुसता कूलर ऐकू येत होता. मग डॉक्टर म्हणाला, "हे आधी सांगायला हवं होतं, ताई."

रात्रीच्या गाडीने निघाले. मनमाड, चाळीसगाव, पाचोरा. बर्थवर पडले, पण डोळा लागला नाही. मला वाटायचं की सोडियम कमी झालंय तर भरून टाकायचं, सलाइन लावलं की झालं. पहाटे वॉर्डात सिस्टरने सांगितलं की तसं करता येत नाही. सोडियम एकदम वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून थेंबाथेंबाने, चोवीस तासांत आठ-दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दर काही तासांनी रक्त काढायचं. दोन्ही गोळ्या बंद. प्यायचं पाणी मोजून. मे महिन्यात, खानदेशात, माय पाणी मागत होती आणि मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत बसले होते. एकशे तेवीस. एकशे सत्तावीस. मी आकडे हाताच्या तळव्यावर बॉलपेनने लिहीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, हिशोब कशाचा करतेस?

एकदम थांबलेल्या गोळीनेही आपला वाटा घेतलाच. ही गोळी खरं तर पायरी-पायरीने उतरायची असते. तिची सवय लागते असं म्हणतात ते दारू-तंबाखूसारखं नाही, तिची तलफ येत नाही, पण अचानक काढली तर शरीर काही दिवस कुरकुरतं. आमच्या बाबतीत इलाज नव्हता. चौथ्या दिवसापासून मायला मान वळवली की चक्कर, रात्रभर रंगीबेरंगी स्वप्नं, आणि एक विचित्र झटका, जो सांगताना ती कपाळापासून मागपर्यंत बोट फिरवायची. "डोकामा ईज चमकस." मी हे इंग्रजीत वाचलं होतं, तिथे विजेच्या झटक्याचीच उपमा होती. मायने तो कागद कधी पाहिलेला नव्हता. दोन आठवड्यांनी ते थांबलं.

चुलतभाऊ भेटायला आला तो दुसऱ्यांदा एकटाच आला, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मला म्हणाला की तोही अशीच एक गोळी घेत होता, दोन वर्षांपूर्वी. मनाला बरं वाटत होतं, पण बायकोजवळ जायची इच्छाच मेली आणि गेलं तरी काही होईना. डॉक्टरांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, एक दिवस गोळ्या नाल्यात टाकल्या. खाली बघून बोलत होता. मी त्याची मोठी बहीण लागते, आमच्यात हे बोलणं कधी होईल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा त्रास आहे, कागदावर छापलेला असतो, मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. तो म्हणाला, छापलेलं असतं? आणि बराच वेळ गप्प बसला. आमच्या गल्लीतल्या किती गोळ्या अशा नाल्यात गेल्या असतील.

त्या बाकावर बसून मी सर्ट्रालिनवर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. झोक्यावरचं गाणं आठवायचं. मग स्वतःवर चिडले, ते जमलं, पण तेही पुरं पडेना, कारण मायने 'कोनले सांगू नको' म्हटलं होतं आणि तिचं ऐकणं माझं काम होतं. आता मला एवढंच स्पष्ट दिसतं की जिजींना न सांगणं आणि डॉक्टरांना न सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मी दोन्हींसाठी मायच्या हातात एकच शब्द दिला. जिजींना मी म्हणू शकले असते, "आहे एक, डॉक्टरांनी दिलेली." त्यांनी पुढे विचारलंही नसतं कदाचित. खोटं नाव दिलं की ते नाव पुढे चालत जातं, ते कुठे थांबायचं हे आपल्या हातात राहत नाही.

घरी आणल्यावर प्रेशरची जुनीच गोळी परत सुरू झाली, 'एच' नसलेली. जीव लागत नाही ते मात्र पुन्हा डोकावायला लागलं होतं. जळगावच्या डॉक्टरबाईंनी या वेळी मिर्टाझापिन दिली, रात्री झोपताना. हिच्यात सोडियम उतरण्याचा धोका कमी, पण हिचीही आपली तऱ्हा आहे. झोप गाढ येते, सकाळी डोकं जड, आणि भूक लागते. महिनाभरात मायचं वजन तीन किलोने वाढलं. रात्री अकराला ती उठून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाताना सापडते. सून म्हणते, खाऊ द्या.

मी निघायच्या आदल्या रात्री वहीचं एक पान फाडलं आणि सगळ्या गोळ्यांची नावं मराठीत लिहिली. नाव, मात्रा, कधी घ्यायची, कशासाठी. हे पान पिशवीतच राहणार, कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी हे पान पुढे करायचं, तोंडाने काहीच सांगायचं नाही. माय शेजारी बसून बघत होती. टेल्मिसार्टनपुढे लिहिलं, प्रेशरसाठी. कॅल्शियमपुढे, हाडांसाठी. मिर्टाझापिनपुढे मी लिहिलं, नैराश्यासाठी. तिने अक्षर जुळवत वाचलं. "नै-रा-श्य." मग विचारलं, हे काय असतं? मी सांगायला लागले. तिने थांबवलं. म्हणाली, ते खोड, लिही, जीव लागस नही त्यानी. मी खोडलं आणि तसंच लिहिलं, तिच्या बोलीत. पुढच्या खेपेला जळगावच्या डॉक्टरबाईंनी ते पान वाचलं, पेन काढलं आणि त्या ओळीखाली सोडियम पुन्हा कधी तपासायचं ती तारीख लिहून दिली.

श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेले. रोटांचा वास घरभर, रात्रभर जागायचं म्हणून चहाची किटली चुलीवरून खाली उतरत नव्हती. जिजी वाटीत विरजण न्यायला आल्या. माय दारातच पाटावर बसून वाती वळत होती. जिजींनी तिच्याकडे पाहून मला विचारलं, "मायनी ॲसिडिटी कशी शे वं आते?" माझ्या हातात दह्याचं भांडं होतं. मी मायकडे पाहिलं. तिने वात पूर्ण वळली, दोन्ही टोकं बोटांनी दाबली, ताटात ठेवली.

"ती गोयी बदली गयी," माय म्हणाली, आणि जिजींना बसायला पाट सरकवला.